मैदानावरची जागा आणि वर्गातला बाक

खेळ आणि शिक्षण ह्यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न प्रत्येक समाजापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. युरोपने तो बव्हंशी क्लबांच्या स्वाधीन केला आहे. तेथे होतकरू फुटबॉलपटू क्लबच्या अंगणात वाढतो आणि शाळा-महाविद्यालयाचा त्याच्या खेळाशी फारसा संबंध राहत नाही. अमेरिकेने मात्र खेळाची तालीम विद्यापीठाच्या आवारात आणून बसविली. परिणामी, तेथील सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला उत्तम खेळावयाचे असेल तर बहुधा महाविद्यालयाचे दार ठोठवावे लागते, आणि महाविद्यालयालाही चांगला संघ हवा असेल तर अशा मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांची मनधरणी करावी लागते. ह्या देवघेवीत बेसबॉलचा व्यवहार सर्वांत गुंतागुंतीचा आहे. आमच्या ह्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांची नातवंडे आज अमेरिकेतील शाळांत शिकत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती आजोबांच्या क्रिकेटऐवजी बेसबॉलची बॅट आली आणि ‘कॉलेज बेसबॉलची शिष्यवृत्ती मिळते आहे’ असा निरोप घरी आला, तर आनंद होणे साहजिक आहे. परंतु ही शिष्यवृत्ती म्हणजे नेमके काय, ती मुलाला काय देते आणि त्याच्याकडून काय घेते, ह्याचा विचार त्या आनंदाच्या भरात राहून जाऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

महाविद्यालयीन बेसबॉलची परंपरा जुनी आहे. १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे अ‍ॅम्हर्स्ट आणि विल्यम्स ह्या दोन महाविद्यालयांत पहिला सामना झाला आणि अ‍ॅम्हर्स्टने तो ७३ विरुद्ध ३२ धावांनी जिंकला. राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा १९४७ साली सुरू झाली आणि १९५० पासून ती नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी भरते. फेब्रुवारीच्या मध्यास हंगाम सुरू होतो. पहिल्या श्रेणीच्या संघाला नियमित हंगामात ५६ पर्यंत सामने खेळता येतात. मेअखेरीस ६४ संघ निवडले जातात आणि जूनमध्ये त्यांतील आठ ओमाहास पोहोचतात. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ ह्या संस्थेने १९७३ पासून आपल्या सभासद महाविद्यालयांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. पहिल्या श्रेणीत बेसबॉल खेळणारे सुमारे ३०० संघ आहेत. संख्येने सर्वांत मोठी असलेल्या तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच दिली जात नाही. ह्याशिवाय दोन वर्षांची छोटी महाविद्यालये आहेत, त्यांचे संघ निराळे. तेव्हा ‘कॉलेजचे बेसबॉल’ ह्या एका नावाखाली पंचतारांकित हॉटेलापासून खानावळीपर्यंत सर्व काही येते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

ह्या कार्यक्रमाचे पहिले देणे म्हणजे तालीम. आपल्याकडील विद्यार्थ्याला तिची कल्पना येणे कठीण आहे. मोठ्या विद्यापीठात संघाला स्वतःचे मैदान असते, पावसा-थंडीत सराव करण्यासाठी झाकलेली जागा असते, शरीर कमावण्यासाठी व्यायामशाळा आणि तिचा वेगळा शिक्षक असतो, दुखापत पाहणारा जाणकार असतो आणि फलंदाजी व चेंडूफेक ह्यांना वेगवेगळे प्रशिक्षक असतात. अशा तालमीने काय साधते, ह्याचे एक उदाहरण द्यावयाचे तर स्टीव्हन स्ट्रासबर्गचे देता येईल. २००६ साली शाळेतून बाहेर पडताना ह्या मुलाची एकाही व्यावसायिक संघाने निवड केली नव्हती. तो सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात गेला. तेथे टोनी ग्विन हे प्रशिक्षक होते. ग्विन ह्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. सॅन डिएगोच्या व्यावसायिक संघाकडून त्यांनी वीस हंगाम गाजविले आणि तेथून ते पुन्हा आपल्या विद्यापीठातील मुलांना शिकवावयास आले. त्यांच्या हाताखाली तीन वर्षांत स्ट्रासबर्गचे शरीर बदलले आणि चेंडूचा वेगही बदलला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेकडून खेळला आणि २००९ च्या व्यावसायिक निवडीत देशभरातून पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. जे शाळेत कोणाला दिसले नाही ते महाविद्यालयाने घडविले.

ही तालीम उन्हाळ्यातही थांबत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील केप कॉड येथे दर उन्हाळ्यात देशभरातील निवडक महाविद्यालयीन खेळाडू जमतात. महाविद्यालयात धातूची बॅट चालते. व्यावसायिक सामन्यांत मात्र लाकडीच लागते, आणि केप कॉडमध्येही लाकडी बॅटनेच खेळावे लागते, त्यामुळे खरे कसब तेथे उघडे पडते. ही मुले गावातील कुटुंबांच्या घरी पाहुणे म्हणून राहतात. सामन्याला तिकीट नसते, लोक घरच्या खुर्च्या घेऊन येतात. आमच्या गावच्या जत्रेतील नाटकाला चटई घेऊन जाणाऱ्या वाचकाला हे दृश्य परके वाटणार नाही. कोवळ्या वयात घर सोडलेल्या मुलाला परक्या घराची अशी माया मिळते, हेही ह्या कार्यक्रमाचे एक देणे आहे, आणि ते कोणत्याही करारपत्रात लिहिलेले नसते.

दुसरे देणे पैशाचे. येथेच बहुतेकांची फसगत होते. अमेरिकन फुटबॉलची शिष्यवृत्ती म्हटली की शिक्षण, राहणे, जेवण सर्व फुकट, असे चित्र डोळ्यांपुढे येते, आणि लोक तेच बेसबॉललाही लावतात. वस्तुस्थिती तशी कधीच नव्हती. पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या. बेसबॉल संघाला अनेक वर्षे मिळत होत्या फक्त ११.७. हा चमत्कारिक आकडा कोठून आला? पूर्वी त्या १३ होत्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी खर्च आटोक्यात आणण्यासाठी सर्वच खेळांत दहा टक्के काटछाट झाली आणि ११.७ उरल्या. २००८ नंतरच्या नियमानुसार त्या जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटता येत आणि वाटा मिळणाऱ्या प्रत्येकाला निदान चौथा हिस्सा द्यावा लागे. भागाकार केला तर सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण शिष्यवृत्तीचे जेमतेम ४३ टक्के येतात. अनेक खासगी विद्यापीठांत आज वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरच्या वर गेला आहे. चौथा हिस्सा मिळालेल्या मुलाच्या घरी वर्षाला ६०,००० डॉलरचे बिल येणार, हे गणित चौथीतला मुलगाही करील. पण ‘शिष्यवृत्ती मिळाली’ ह्या शब्दाच्या गोडीत ते कोणी करीत नाही.

२०२५ साली ह्या व्यवस्थेत मोठा बदल झाला. महाविद्यालयीन खेळाडूंनी लढविलेल्या एका खटल्यातील तडजोडीला कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने जूनमध्ये मान्यता दिली. तिच्यानुसार, ही तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना शिष्यवृत्तींच्या संख्येची मर्यादा उरली नाही. इतकेच नव्हे, आपल्या उत्पन्नातील वाटाही ती खेळाडूंना देऊ शकतात. त्याऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. बेसबॉलमध्ये ही मर्यादा ३४ ची आहे. त्यापूर्वी ४० पर्यंत खेळाडू ठेवता येत होते. म्हणजे श्रीमंत विद्यापीठ आता ३४ च्या ३४ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकते. मात्र देऊ शकते म्हणजे देईलच असे नव्हे. उलट, शिष्यवृत्तीवाचून स्वखर्चाने संघात शिरून, मागच्या बाकावरून पुढे येणाऱ्या मुलांच्या जागा मात्र निश्चितपणे कमी झाल्या. न्यायालयाने आग्रह धरला म्हणून आधीपासून संघात असलेल्यांना ह्या मर्यादेतून सवलत देण्याची वाट मोकळी झाली. नव्याने येणाऱ्यांना तो आधार नाही. त्यातच अलीकडच्या काही वर्षांत खेळाडूला एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाणे फार सोपे झाले आहे. हे स्वातंत्र्य न्याय्यच आहे, पण त्याला दुसरी बाजूही आहे. प्रशिक्षकाला तेवीस वर्षांचा तयार गडी दुसरीकडून आणता येत असेल, तर तो अठरा वर्षांच्या कच्च्या मुलाला घडवीत कशाला बसेल? ज्या तालमीने स्ट्रासबर्ग घडविला, तिची वेळखाऊ चिकाटी ह्या नव्या बाजारात टिकेल की नाही, ह्याची आम्हांस शंका वाटते.

तिसरे देणे शिक्षणाचे. आमच्या मते हेच खरे मोलाचे आणि हेच सर्वांत कमी बोलले जाणारे. पहिल्या श्रेणीत खेळावयाचे तर शाळेत नेमून दिलेल्या विषयांचे १६ अभ्यासक्रम पुरे करून ठरावीक गुणसरासरी राखावी लागते. नंतरही दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पदवीच्या अभ्यासक्रमाचा ४० टक्के, तिसऱ्याच्या अखेरीस ६० आणि चौथ्याच्या अखेरीस ८० टक्के भाग पुरा झाला पाहिजे, असा नियम आहे. मुले अभ्यासात मागे पडू लागली तर संघालाच अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून वगळण्याची तरतूद आहे. म्हणून संघाबरोबर शिकवणीचे शिक्षक असतात आणि अभ्यासाचे वेळापत्रक आखून देणारे सल्लागारही असतात. हे सर्व स्तुत्यच म्हटले पाहिजे.

परंतु कागद आणि व्यवहार ह्यांत अंतर असते. हंगामात खेळाला आठवड्याचे २० तासच द्यावेत, असा नियम आहे. ह्या २० तासांत प्रवास धरलेला नाही, दुखापतीवरील उपचार धरलेले नाहीत आणि सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तो तीनच तासांचा मानला जातो! शुक्रवार ते रविवार परगावी सामने आणि सोमवारी सकाळी रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक, असा हा संसार आहे. प्रयोगशाळेचे, दुपारच्या तासिकांचे विषय टाळून सोपा विषय घेण्याचा मोह मुलाला होतो आणि कधीकधी प्रशिक्षकच तसे सुचवितो. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दही आपण जितका समजतो तितका निरागस नाही. एनसीएएचे अनेक वर्षे प्रमुख असलेले वॉल्टर बायर्स ह्यांनीच १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सांगून टाकले आहे, की १९५० च्या दशकात जखमी खेळाडूंना विद्यापीठाचे नोकर ठरवून भरपाई द्यावी लागू नये, ह्या हेतूने तो रूढ करण्यात आला. शब्दाचा जन्म असा असला तरी त्याचा अर्थ खरा करून दाखविणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे. त्यासाठी विद्यार्थी हा शब्द आधी येतो, हे विसरता कामा नये.

आता व्यावसायिक खेळाच्या स्वप्नाकडे वळू. मोठ्या संघांनी मुले निवडण्याची पद्धत १९६५ पासून आहे. शाळा सोडताच मुलगा निवडला जाऊ शकतो. मात्र त्याने चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला की तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे होईपर्यंत त्याला थांबावे लागते. दोन वर्षांच्या महाविद्यालयात हे बंधन नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमधून किशोरवयात अमेरिकेस आलेला अल्बर्ट पुहोल्स अशाच एका लहान महाविद्यालयातून १९९९ साली तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे त्याने ७०३ होमरन ठोकले. लहान दारातूनही मोठ्या घरात जाता येते, हे त्याने दाखवून दिले. परंतु असे पुहोल्स किती? २०१९ पर्यंत निवडीच्या ४० फेऱ्या होत असत, २०२१ पासून त्या २० वर आल्या आहेत. त्याच वर्षी मोठ्या संघांशी जोडलेले दुय्यम संघही १२० वर आणण्यात आले. शिडीच्या खालच्या पायऱ्या अशा काढून घेतल्यावर तो भार महाविद्यालयांवर पडणारच. परिणामी तेथील स्पर्धा तीव्र झाली आणि वर चढणारे मात्र पूर्वीसारखेच मूठभर राहिले. महाविद्यालयात खेळणाऱ्या हजारोंपैकी बहुतेकांचा शेवटचा सामना महाविद्यालयाच्याच मैदानावर होतो. ह्यात त्यांचा दोष नाही. ही केवळ अंकगणिताची गोष्ट आहे.

आणि जे वर जातात त्यांचेही शरीर शेवटी हाडामांसाचेच. तोच स्ट्रासबर्ग २०१९ च्या विश्वमालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्यानंतर दुखापती व शस्त्रक्रिया ह्यांच्या फेऱ्यांत त्याची कारकीर्द संपून गेली. चेंडू फेकणाऱ्याच्या कोपरावर आणि खांद्यावर पडणारा ताण भयंकर असतो. म्हणून ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांवर, खेळातील दुखापतीचा वैद्यकीय खर्च शिक्षण संपल्यानंतरही निदान दोन वर्षे सोसण्याचे बंधन आले, ते योग्यच झाले. त्याच वेळी, शिक्षण अर्धवट सोडून गेलेल्या खेळाडूला दहा वर्षांपर्यंत परत येऊन पदवी पुरी करण्यासाठी पैसे देण्याचीही तरतूद झाली. मात्र ही शेवटची सोय पूर्ण शिष्यवृत्ती असलेल्यांसाठी आहे. ज्या खेळात शिष्यवृत्तीचे नेहमी तुकडेच वाटले गेले, त्या बेसबॉलच्या किती मुलांना तिचा लाभ मिळणार, हे वाचकांनीच ठरवावे.

मग काय, हे दार बंदच करून घ्यावे? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. दार उघडण्यापूर्वी उंबरठा पाहावा, एवढेच आम्ही सांगू इच्छितो. २०२३ च्या नियमानुसार पहिल्या श्रेणीचे प्रशिक्षक अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपूर्वी मुलाशी बोलणी करू शकत नाहीत. त्यापूर्वी आठवी-नववीतील पोरांकडूनही तोंडी वचने घेतली जात. आता विचाराला थोडी उसंत मिळाली आहे, तिचा उपयोग करावा. पालकांनी प्रशिक्षकाला स्पष्ट विचारावे, की शिष्यवृत्ती किती वर्षांची आहे, दरवर्षी नव्याने द्यावयाची की संपूर्ण काळासाठी बांधलेली? मुलगा जखमी झाला तर ती चालू राहील काय? गेल्या चार वर्षांत संघात आलेल्यांपैकी पदवी घेऊन किती बाहेर पडले आणि किती मध्येच निघून गेले? मुलाला अभियांत्रिकी किंवा वैद्यकपूर्व विषय घ्यावयाचे असतील तर संघातील कोणी ते पूर्वी घेतले आहेत काय? ह्या प्रश्नांना सरळ उत्तरे देणारा प्रशिक्षक भेटला तर अर्धे काम झाले. उत्तराऐवजी मैदानाचे नवे दिवे दाखविणारा भेटला तर काय समजावयाचे ते समजावे. आणि सर्वांत शेवटी मुलाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न: उद्या माझा हात कायमचा जायबंदी झाला, तर केवळ विद्यार्थी म्हणून मी ह्याच महाविद्यालयात राहीन काय? ह्याचे उत्तर ‘होय’ असेल तरच तो सौदा चांगला.

ह्या कसोटीला उतरलेले एक ठळक उदाहरण म्हणजे थोरले जॉर्ज बुश. महायुद्धातून परतलेला हा तरुण येल विद्यापीठाकडून पहिल्या बेसवर खेळत असे. १९४७ आणि १९४८ अशी सलग दोन वर्षे त्याचा संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत गेला आणि दोन्ही वेळा हरला. दुसऱ्या वर्षी तो संघाचा कप्तान होता. व्यावसायिक खेळाकडे तो गेला नाही. पदवी घेतली, संसार केला, उद्योग केला आणि १९८९ साली तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. येल ज्या आयव्ही गटात मोडते, त्या गटाची विद्यापीठे आजही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. गरज पाहून मदत करतात. तिसऱ्या श्रेणीतील शेकडो महाविद्यालयांचा रिवाज हाच. तेथे मुलगा खेळतो तो खेळाच्या आवडीने आणि शिकतो तो शिकण्यासाठी. वर्तमानपत्रांत ज्यांचे नाव येत नाही अशा ह्या महाविद्यालयांचे देणे आम्हांस अनेकदा अधिक भरवशाचे वाटते.

दूरच्या देशाच्या ह्या कथेत आमच्यासाठी काही आहे काय? आहे. मडगावचे दिलीप सरदेसाई मुंबईस विल्सन महाविद्यालयात शिकावयास गेले, आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांच्या फलंदाजीने जाणकारांचे लक्ष वेधले आणि गोवा मुक्त झाला त्याच डिसेंबर १९६१ मध्ये ते कानपूरला भारताकडून पहिली कसोटी खेळले. विद्यापीठाचे मैदान होते म्हणून मडगावचा मुलगा देशाला दिसला. त्या वेळी गोव्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. ते १९८५ साली आले. २०२३ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धाही आपण भरविल्या आणि त्यासाठी मैदाने सजविली. परंतु महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूला आपण काय देतो? प्रवेशाच्या वेळी खेळाडूंच्या राखीव जागेचा लाभ, परीक्षेत थोडे सवलतीचे गुण, आणि हजेरी भरली नाही म्हणून एक नोटीस. स्पर्धेमुळे बुडालेल्या तासांची भरपाई करणारा शिक्षक, दुखापतीच्या खर्चाची हमी आणि खेळ थांबल्यावर पदवी पुरी करण्याची सोय ह्या तीन गोष्टी द्यावयास अमेरिकेइतकी श्रीमंती लागत नाही. महाविद्यालयाने मनावर घेतले तर त्या पुढच्या वर्षापासून देता येतील.

अमेरिकेच्या व्यवस्थेतील पैशाचा बाजार आपण उचलण्याचे कारण नाही. उचलावयाचे ते तिच्या मुळाशी असलेले तत्त्व, की मुलाने खेळ आणि पुस्तक ह्यांतील एकच निवडावे, अशी सक्ती समाजाने त्याच्यावर करू नये. अमेरिकेतील नातवाला बेसबॉलचे आमंत्रण आले असेल तर घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याला अवश्य आशीर्वाद द्यावा, पण देताना तो कोणता विषय घेऊन पदवी घेणार आहे, हेही विचारावे. आणि येथे, आपल्या मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलालाही तेच विचारावे. त्याच्यापाशी उत्तर नसेल तर तो प्रश्न त्याच्या महाविद्यालयाकडे न्यावा, कारण उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही.